चौथ्या गटाचे आभार

आभार मानायचे होते उंदरांचे. आणि तेही काळे कपडे घालून, माइकसमोर उभं राहून, अख्ख्या विभागाच्या देखत. प्राणिगृहाच्या तात्सुमीबाईंनी कानाए त्सुजिमोतोला जिन्यातच गाठलं आणि सांगून टाकलं की यंदाचा मान तुझा, वर्षभरात सगळ्यात जास्त उंदीर तुझ्याच कामी आलेत. मान कसला, कानाएला ती शिक्षाच वाटली.

हे दर ऑक्टोबरात असतं. प्राणिगृहाच्या मागे कुंपणाला लागून एक उभा दगड आहे, गेलेल्या प्राण्यांच्या नावाचा. ज्या ज्या प्रयोगशाळेनं वर्षात प्राणी वापरले ती सगळी मंडळी तिथे जमतात, मिनिटभर माना खाली घालून गप्प उभी राहतात, पांढऱ्या शेवंतीचं एकेक फूल ठेवतात, आणि मग सगळ्यांच्या वतीनं एक जण बोलतो. बोलणारे बहुतेक तेच ते जुनं भाषण वाचतात, खालचं नाव तेवढं बदलतात. मागच्या वर्षीच्या पोरानं तर सशांचे आभार मानले होते, आणि त्याच्या प्रयोगशाळेत कधी सशाचा केससुद्धा आला नव्हता! तेव्हापासून तात्सुमीबाई धुमसत होत्या. बाई पशुवैद्य, सगळ्या पिंजऱ्यांच्या धनीण. आवाज कधी चढवत नाहीत, पण नुसतं बघितलं तरी मोठमोठे प्राध्यापक चष्मा पुसायला लागतात. त्यांनी कानाएला एकच अट घातली. मोघम बोलायचं नाही. कोण कशासाठी गेलं, ते सांगायचं.

आता कोण कशासाठी गेलं हे कळायचं तर आधी कानाएचं काम काय ते कळायला हवं. घाबरू नका, सोपं आहे.

पेशीत वरून चिठ्ठी येते, खालचे कारागीर ती वाचतात आणि तसं प्रथिन बनवतात. काही घराण्यांत एक चिठ्ठीच चुकीची निघते, पिढ्यानपिढ्या. यकृत बिचारं इमानेइतबारे ती वाचून भलतंच प्रथिन बनवत बसतं, ते रक्तातून जाऊन नसांवर साचतं, आणि माणसाच्या पावलांना आधी मुंग्या येतात, मग हातात काठी येते, मग चाकांची खुर्ची. यावर उपाय असा की त्या चिठ्ठीच्या अक्षरांना बरोबर उलट जुळेल अशी एक छोटीशी माळ बनवायची. ती जाऊन चिठ्ठीला चिकटते, मग पेशीच्या पदरी तिची स्वतःचीच एक कात्री असते, ती येते आणि चिठ्ठी कापते. झालं काम.

पण साधी माळ रक्तात सोडली की बघता बघता फस्त होते. म्हणून रसायनवाले तिला मजबूत करतात. मण्यांमधल्या दोऱ्यात एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवायचं, म्हणजे ती सहज कुरतडली जात नाही. आणि दोन्ही टोकांच्या मण्यांत जी साखर असते तिच्यावर एक इवलासा पूल बांधायचा. पूल बांधला की साखरेचं वळवळणं थांबतं, ती ताठ बसते, आणि माळ चिठ्ठीला अशी मिठी मारते की सोडवता सुटत नाही. मधले मणी तेवढे साधे ठेवायचे, कारण कात्रीला साधेच ओळखता येतात.

पुलांचे प्रकार जगात पुष्कळ आहेत, पण कानाएच्या प्रयोगशाळेतला पूल म्हणजे तिथले प्रमुख इकुता सेन्सेई, आपल्याकडे सर म्हणतील, त्यांची हयातभराची कमाई. तरुणपणी याच इमारतीत, याच खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी तो बनवला होता. साहजिकच तिथला मंत्र एकच, घट्ट धर. नवीन माळ झाली की ती आणि तिची चिठ्ठी नळीत एकत्र घालून तापवत न्यायची, कुठल्या तापमानाला दोघी सुटतात ते बघायचं. जितकी उशिरा सुटेल तितकी माळ गुणाची. लवकर सुटली तर नापास, आणि नापास झालेल्या माळेला पुढचा पेपरच नाही. तसा कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण तिथे आलेला प्रत्येक जण महिनाभरात असाच विचार करायला लागायचा. कानाएही तशीच झाली होती.

तिच्या माळा धरायला एक नंबर होत्या. चिठ्ठ्याही पटापट गायब व्हायच्या. फक्त उंदरांची यकृतं सुजत होती. पहिल्या गटाची सुजली. तिनं पूल थोडे इकडेतिकडे केले, दुसऱ्या गटाचीही सुजली. तिसऱ्या गटाला तिनं आखूड माळ दिली, ती आणखीच घट्ट बसली आणि त्या गटातले काही उंदीर तर प्रयोग संपेपर्यंत टिकलेसुद्धा नाहीत. सप्टेंबरच्या बैठकीत इकुता सेन्सेईंनी तक्ते बघितले, बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल केली, आणि मग शांतपणे सांगितलं की ही माळ वर्षअखेरीला बंद करायची, त्सुजिमोतोनं नवा विषय घ्यायचा, आणि यावर आता एकही नवा उंदीर मिळणार नाही. डोस देऊन यकृतच जाणार असेल तर आणखी जीव कशाला घालवायचे? बरोबरच होतं ते. ती हो म्हणाली, वाकली, आणि प्रसाधनगृहात जाऊन नळ मोठा सोडून रडली. अडीच वर्षं गेली होती. आणि त्याहून वाईट वाटत होतं ते त्या उंदरांचं. माळच बंद पडणार असेल तर ते सगळे गेले कशासाठी?

आणि नेमकं याच प्रश्नाचं उत्तर तिनं माइकवर द्यायचं होतं.

समारंभाला आठवडा उरला होता तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत भाषण घेऊन बसली. खिडकी उघडी होती, ओस्मान्थसच्या झाडांचा तो गोड, जरा डोक्यात जाणारा वास आत येत होता. समोर मोरीवाकी आपला करी-पाव खात बसलेला. मोरीवाकी तिच्याहून एक वर्ष मागे, पण तोंडानं दहा वर्षं पुढे. मूळचा किशिवादाचा, तिकडची बोलीच रांगडी. सेन्सेईसुद्धा म्हणायचे की याच्या जिभेला कोणीतरी पूल बांधा, वळवळायची थांबेल. त्यानं भाषणाचा कागद ओढून घेतला आणि तेलकट बोटांनी वाचायला लागला. पहिल्या गटानं आम्हाला दाखवलं की माळ यकृतात पोचते, म्हणून आभार. दुसऱ्यानं दाखवलं की पुलांच्या जागा बदलून भागत नाही, म्हणून आभार. तिसऱ्यानं दाखवलं की घट्टपणा वाढला की सूज वाढते, म्हणून आभार आणि क्षमा.

"चौथा गट कुठेय?" त्यानं विचारलं.

कानाए म्हणाली की चौथा नुसता तुलनेसाठी होता. दोष घट्ट मिठीचाच आहे हे सेन्सेईंना पटवायला सप्टेंबरच्या बैठकीआधीच तिनं मुद्दाम एक ढिली माळ बनवली होती. चार पूल काढून टाकले होते, आणि त्या साखरांना पुलाऐवजी नुसती एक छोटीशी टोपी चढवली होती, टोपडंच म्हणा ना. टोपड्याची साखर पुलाच्या साखरेइतकी ताठ बसत नाही. तापवायच्या परीक्षेत ती माळ सणसणीत नापास झाली. त्या उंदरांना काहीच झालं नाही. यकृतं अगदी ठणठणीत.

"काहीच झालं नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे लग्नाला आले, जेवले, गेले. आहेर नाही, काही नाही," मोरीवाकी म्हणाला. "आणि तरी तू त्यांना मारलंस."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. पाव खाली ठेवला, माफी मागितली, विषय बदलायला हॅनशिन बेसबॉल संघाच्या कालच्या मॅचचं काहीतरी काढलं. कानाएला ऐकू येत नव्हतं. बाकीचे निदान औषधानं आजारी पडले होते. हे चौथ्या गटातले मात्र धडधाकट होते, खात होते, एकमेकांच्या अंगावर झोपत होते, आणि ठरल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं त्यांना संपवलं होतं. त्यांच्याविषयी दगडासमोर काय सांगायचं? तात्सुमीबाई पुढच्याच रांगेत असणार, त्या ऐकणार.

तिनं लिहून बघितलं. 'चौथ्या गटानं आम्हाला दाखवलं की...' आणि पेन तिथेच. काय दाखवलं? यकृत सुजत नाही हे दाखवलं. बरं, आणि चिठ्ठीचं काय झालं त्यांच्यात?

तिला माहीत नव्हतं. तिनं बघितलंच नव्हतं! तापवायच्या परीक्षेत जी नापास झाली ती चिठ्ठीला काय धरणार आणि काय कापणार, असं धरून तिनं यकृत ठीक आहे ना, एवढंच कळायला त्या गटाचं फक्त रक्त तपासलं होतं आणि फाइल मिटली होती. तिनंच नाही, सेन्सेईंनीही विचारलं नव्हतं, बैठकीतल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. ज्या घरात तीस वर्षं घट्ट मिठीचंच कौतुक चाललंय, तिथे ढिल्या मिठीला बघायला येतंय कोण?

तिनं मोरीवाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "ऊठ. यकृतं काढायचीत."

यकृतं होती, हे तात्सुमीबाईंचे उपकार. त्यांच्या प्राणिगृहाचा दंडक आहे की जीव घेतलात तर त्यातला तुकडाही वाया घालवायचा नाही, लागो न लागो, सगळं गोठवून ठेवायचं. पोरं वैतागायची, शीतकपाटात जागा नाही म्हणून भुणभुण करायची. कानाएनंही केली होती. आता ती जाड हातमोजे घालून त्या थंड वाफा सोडणाऱ्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून चौथ्या गटाचा डबा शोधत होती आणि मनात बाईंना हात जोडत होती. डबा सापडला, तो नेमका सगळ्यात खालच्या, बर्फानं चिकटलेल्या खणात. मोरीवाकीनं रबरी हातोडीनं ठोकून खण सोडवला आणि म्हणाला की बघा, पाहुणे रुसलेत.

मग दोघं कामाला लागली. तुकडे कुटायचे, त्यातून चिठ्ठ्या वेगळ्या काढायच्या, स्वच्छ करायच्या, आणि मोजायच्या यंत्रात लावायच्या. यंत्र काय करतं, तर चिठ्ठ्यांच्या नकला काढत राहतं आणि पडद्यावर रेघ चढत जाते. मुळात चिठ्ठ्या भरपूर असतील तर रेघ लवकर वर उठते. कमी असतील तर उशिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं त्या पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसली. औषध न दिलेल्या उंदरांची रेघ उठली. पहिल्या तीन गटांच्या रेघा अजून जमिनीलाच चिकटलेल्या, ते तर माहीतच होतं. चौथा गट ढिला, नापास, त्याची रेघ औषध न दिलेल्यांच्या पाठोपाठ उठणार असं धरून कानाए बघत होती.

ती उठली नाही. आत्ता उठेल, मग उठेल, पण छे. मोरीवाकी खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसला. शेवटी तिसऱ्या गटाची रेघ हलली, आणि तिच्या जवळजवळ खांद्याला खांदा लावून चौथी उठली. म्हणजे चिठ्ठ्या गेल्या होत्या. पूर्ण नाही, पण बहुतेक सगळ्या. आणि यकृतं ठणठणीत!

"यंत्र बिघडलंय," मोरीवाकी म्हणाला.

तिनं यकृताचे दुसरे तुकडे काढून सगळं पहिल्यापासून परत केलं, या वेळी नळ्यांवर गटांची नावं न घालता, मोरीवाकीला खुणा घालायला लावून, म्हणजे कुठली नळी कोणाची ते तिलाच कळू नये. तेच आलं. मग ती बसली आणि विचार करायला लागली, आणि विचार केला तर ते इतकं साधं होतं की तिला हसूच फुटलं. कात्रीनं चिठ्ठी कापली की माळेनं पुढच्या चिठ्ठीकडे जायचं असतं. अतिघट्ट माळ पहिल्याच चिठ्ठीच्या तुकड्यांना कवटाळून बसते, वर आजूबाजूच्या भलत्याच गोष्टींनाही लोंबकळते, आणि यकृताचे हाल होतात. ढिली माळ धरते, कापून घेते, सोडते, पुढची धरते. धरणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सोडणं. हे नक्की असंच आहे का ते दाखवायला अजून पुष्कळ काम पडलं होतं, पण निदान विचारण्याजोगा प्रश्न तरी हातात आला होता.

आता खरी परीक्षा. हे इकुता सेन्सेईंना सांगायचं कसं? त्यांच्या हयातीची कमाई तो पूल, आणि हिनं जाऊन सांगायचं की पूल कमी केले तर बरं. मोरीवाकी म्हणाला की मी दाराबाहेर उभा राहतो, किंकाळी आली तर रुग्णवाहिका बोलावतो. ती आत गेली. सेन्सेई नेहमीसारखे थंड झालेला चहा पीत होते. तिनं रेघा समोर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चौथा गट बघितला नव्हता ही माझी चूक, हेही सांगितलं.

सेन्सेईंनी रेघा बघितल्या. परत बघितल्या. परत करून बघितलंस का, विचारलं. नावं न घालता केलंस का, विचारलं. दोन्हीला हो. मग ते चहाचा कप घेऊन खिडकीपाशी गेले.

"तीस वर्षं मी पूल बांधतोय," ते म्हणाले. "आणि आता तू येऊन सांगतेस, दोन पाडा."

"चार, सेन्सेई."

ते वळले. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं, आणि तिला उशिरा कळलं की ते हसतायत.

"चार तर चार. पण कुठले चार, ते मला नीट पटव. आणि चूक तुझी एकटीची कशी? बैठकीला मीही बसलो होतो की." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "वर्षअखेरीचं ते राहू दे तूर्तास. पण नवे उंदीर मी एकटा नाही देऊ शकत. तात्सुमीबाईंना विचारावं लागेल."

बाहेर येऊन कानाएनं मोरीवाकीला वाकून नमस्कार केला, अगदी कमरेतून, जसा मोठ्यांना करतात तसा. तू तो लग्नाचा टोमणा मारला नसतास तर मी त्या डब्याकडे कधीच गेले नसते, म्हणाली. मोरीवाकी कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला की नमस्कार नको, करी-पाव चालेल.

समारंभाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. दगडासमोर उंदरांच्या खाण्याच्या गोळ्या एका बशीत मांडल्या होत्या, शेजारी पाणी, शेवंतीच्या बादल्या. मंडळी रांगेनं उभी राहिली, मिनिटभर शांतता पाळली, आणि मग कानाए माइकपाशी गेली. कागद हातात होता पण तिनं तो उघडला नाही. पहिल्या गटाबद्दल बोलली, दुसऱ्या, तिसऱ्या. तिसऱ्याची क्षमा मागताना ती वाकली. मग ती म्हणाली:

"चौथ्या गटाला काहीही झालं नव्हतं. म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला त्यांचे आभार मानायचे होते आणि कशाबद्दल मानायचे तेच माहीत नव्हतं, म्हणून मी शोधायला गेले. तुम्ही जे दिलं होतं ते तिथेच ठेवलेलं होतं. आम्ही घ्यायला उशीर केला. ज्यांच्या पावलांना मुंग्या येतात, अशा माणसांपर्यंत हे कधी पोचेल ते मला आज सांगता येत नाही. पण माळ बंद पडलेली नाही, ती तुमच्यामुळे. खूप खूप आभार."

इतकंच. टाळ्या तिथे वाजवत नाहीत. लोक एकेक करून फूल ठेवायला लागले. इकुता सेन्सेईंची पाळी आली तेव्हा ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले, मागची रांग खोळंबली.

सगळं आटोपल्यावर तात्सुमीबाई बादल्या गोळा करत होत्या. कानाए मदतीला गेली आणि सेन्सेईही मागोमाग आले. त्यांनी विषय काढला, की या ढिल्या माळेवर एक फेरी करायची परवानगी हवी. बाईंनी किती उंदीर लागतील ते विचारलं. सेन्सेईंनी नेहमीचा आकडा सांगितला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. कानाएकडे बघितलं.

"तुला किती लागतील?"

कानाएनं विचार केला. जुन्या तीन गटांची फेरी परत करायची गरज नव्हती, त्यांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. गोठवलेली यकृतं होतीच. नवी माळ आणि तिच्या तुलनेला एक गट, बस.

"निम्म्यात होईल," ती म्हणाली. "आणि यावेळी सगळ्यांचं सगळं बघेन."

सेन्सेईंनी तोंड उघडलं, मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. तात्सुमीबाईंनी बादली कानाएच्या हातात दिली आणि म्हणाल्या की अर्ज सोमवारपर्यंत दे, परवानगीच्या समितीत मी बोलते. मग, जाता जाता, पाठमोऱ्याच, म्हणाल्या की आज कोणीतरी खरं बोललं, बरं वाटलं.

कानाए बादली घेऊन तशीच उभी राहिली. प्राणिगृहाच्या भिंतीच्या वरच्या झडपेतून आतल्या पिंजऱ्यांची बारीक खुडबुड ऐकू येत होती. आतले कोण, कशाला लागणार, अजून कोणालाच माहीत नव्हतं. तिनं बादली खाली ठेवली, त्या भिंतीकडे तोंड केलं, आणि कोणी बघतंय का याची पर्वा न करता खोल वाकली. यावेळी आभार आधीच मानून ठेवले.